मागच्या दाराने

“पडदे नंतर धू गं. आधी त्या पुढच्या दाराचं कुलूप दाखवून घे कुणाला तरी,” असं सासूबाई आठवडाभर सांगत होत्या आणि सूनबाई आठवडाभर पडदे धूत होती.

आता पडदे पांढरेशुभ्र झाले होते आणि कुलूप अडकलं होतं. दाराबाहेर फादर उभे होते. त्यांच्या गळ्यात छोटी पिशवी, पिशवीत सोनेरी डबी आणि डबीत ख्रिस्तप्रसाद. पाय मुरगळल्यापासून सासूबाईंना चर्चला जाता येत नव्हतं, म्हणून आज देव स्वतः घरी आला होता. आणि बाहेर ताटकळत होता.

“फादर, जरा खांद्याने ढकला!” सूनबाई आतून ओरडली. बाहेरून चकार शब्द नाही.

“डबी जवळ असताना ते वाटेत बोलत नाहीत,” पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. “मागच्या दाराने घे त्यांना.”

सूनबाईने चटकन मागे वळून पाहिलं. मागची खोली!

पुढची खोली तिने सकाळपासून घासूनपुसून लख्ख केली होती. टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, मधोमध क्रूस. धुळीचा कण शोधून सापडला नसता. कसा सापडेल? न धुतलेले लंगोट, चिकट बाटल्या, बाळाचा टब, कपड्यांचा डोंगर, सगळं तिने मागच्या खोलीत कोंबलं होतं आणि दाराला पाठ लावून ते कसंबसं बंद केलं होतं.

“आई, तिकडून नको. आपण त्यांना पुन्हा बोलावू. सगळं नीट आवरून.”

“तुझं ‘नीट आवरून’ मी बाळ झाल्यापासून ऐकतेय.”

हे मात्र झोंबलं. सूनबाई रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, न चुकता जायची; पण कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायला, सगळे रांगेत उभे राहिले की ही बाकावरच, बाळाचं टोपडं सारखं करत. पुढच्या रविवारी, म्हणायची. आधी कन्फेशन करायला हवं, फादरांपुढे पापं कबूल करायला हवीत. आणि त्याच्याही आधी मन जरा जागेवर यायला हवं. असलं मन घेऊन फादरपुढे बसायचं तरी कसं?

कारण एका दुपारी, बाळ काही केल्या रडायचं थांबेना तेव्हा, तिने त्याला पाळण्यात जरा आपटलंच होतं. आणि मनात येऊन गेलं होतं, हे नसतंच तर बरं झालं असतं. बाळाला काही लागलं नव्हतं. ते लगेच झोपलंसुद्धा. त्या दुपारपासून धड झोप नव्हती ती हिलाच.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. फादर आपले आपणच वळसा घालून आले होते.

आता इलाज नव्हता. तिने दार उघडलं. फादरांनी झगा वर धरला, टब ओलांडला, कपड्यांच्या डोंगराला बगल दिली आणि रबरी बदकावर पाय दिला. बदकाने अशी किंकाळी फोडली की पुढच्या खोलीत बाळ खुदकन हसलं. सूनबाईला मात्र धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

फादरांनी पांढऱ्या कापडावर डबी ठेवली. “या घराला शांती लाभो,” ते म्हणाले. मग मागे वळून बघत, “आणि त्या खोलीलाही.”

“फादर, आधी हिचं कन्फेशन घ्या,” सासूबाई म्हणाल्या.

“आई!” सूनबाईने घाईघाईने सबब शोधली. “मला आज प्रसाद घेता येणार नाही, फादर. बाळाचं उरलेलं बिस्कीट खाल्लंय मी आत्ता. प्रसादाआधीचा तासाचा उपास मोडला.”

“आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला तो नियम लागत नाही. आणखी काही?”

“माझी तयारीच नाही हो. आत सगळं असं...” तिने मागच्या खोलीकडे हात केला.

“मी तिथूनच तर आलो,” फादर म्हणाले.

मग त्याच खोलीत टब पालथा घालून ती बसली आणि तिने सगळं सांगितलं. ती दुपारसुद्धा. फादर दचकले नाहीत. त्यांनी पापक्षमा दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं: एक प्रार्थना, आणि आज दुपारी पोटभर झोप.

“आणि थकवा असाच राहिला तर डॉक्टरांनाही सांग. ते काही पाप नव्हे.”

“पण झोपू कशी? बाळाला कोण बघणार? आईंचा तर पाय...”

डोळे पुसत ती पुढच्या खोलीत आली. सासूबाई बाळाला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नव्हे, दोन्ही पायांवर झुलत होत्या.

“आई! पाय?”

“तो केव्हाच बरा झालाय,” सासूबाईंनी बाळ तिच्या हातात दिलं. “सरक. आता माझी पाळी. माझं पाप एवढं एकच आहे.” आणि त्या तुरुतुरु मागच्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळाने फादरांनी डबी उघडली. आत दोन प्रसाद होते. सासूबाईंनी फादरांना फोनवर दोघींसाठी आणायला सांगितलं होतं.

तुमच्याही ओळखीत कुणी बाळ झाल्यापासून “जरा आवरते, मग या” असं म्हणत असेल. आजच जाऊन बघा तिला. पुढचं दार उघडलं नाही, तर मागचं वाजवा.