डाव्या स्पीकरची ऊब

दिनकररावांनी दिवाळीत परदेशातून स्पीकरची जोडी मागवली आणि गंगाखेडात नुसतं गाणं ऐकणं अडाणीपणाचं ठरलं. आवाज ‘उबदार’ असतो, त्याला ‘पोत’ असतो, हे प्रवचन आम्ही दर रविवारी एका कप चहासाठी सहन करायचो. राजेश्रीवहिनींनी पहिल्याच दिवशी दोन्ही स्पीकरांवर हळदकुंकू, अक्षता वाहून पूजा केली होती. त्यानंतर वहिनींना त्यांवर फडकंसुद्धा मारायची बंदी होती. कारण? "तुला आवाजातलं काय कळतंय?"

परवा तबल्याची रेकॉर्ड लावली होती. दिनकररावांनी डोळे मिटले. "डाव्या स्पीकरकडं ध्यान द्या. डग्गा कसा खोलातून यायलाय! अन् ऊब तर बघा!"

आमच्यातल्या प्राचार्यांनी लगेच "वा!" केलं. लाज वाटते सांगायला, पण मीही मान डोलावली.

चहाचा ट्रे ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या,


"अहो, उजव्यावरच्या अक्षता तर पहिल्याच गाण्याला नाचून खाली पडल्या. डाव्यावरच्या दिवाळीपासून जागच्या हालल्या न्हाईत. तुमी त्याला वायर लावलीय का?"