आधी चाचणीवर

अपडेट चढलं आणि लाल पट्ट्या गेल्या.

मानसी खुर्चीत ताठ झाली. तिने एका रुग्णाचं पान उघडलं, मग दुसऱ्याचं, मग भराभर दहा-बारा जणांची. ज्याला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल त्याच्या नावाखाली लाल पट्टी यायची, अशी मानसी कॉम्प्युटरचं काम बघायची त्या मुलुंडच्या हॉस्पिटलची पद्धत होती. आता एकाच्याही नावाखाली ती नव्हती. ॲलर्जीचा रकाना सगळ्यांचाच कोरा.

मग भानावर येऊन तिने पुन्हा स्क्रीनकडे नीट पाहिलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं. हा चाचणीचा सर्व्हर होता.

हॉस्पिटलात दोन सर्व्हर होते. एक खरा आणि एक चाचणीचा. खऱ्यावरची माहिती रोज पहाटे चाचणीच्या सर्व्हरवर आपोआप उतरायची. नवं काही आलं की आधी तिथे चालवून बघायचं, काय गोंधळ व्हायचा तो तिथे होऊ द्यायचा. जूनमध्ये मानसीने नर्सना कॉम्प्युटरवर माहिती बघायला शिकवलं तेही त्याच्यावरच. त्याचीच लिंक दिली होती, म्हणजे शिकताना बिचाऱ्यांच्या हातून काही पुसलं गेलं तरी कुणाचं बिघडायला नको.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मुकुल होता, अंधेरीला. तिने त्याला फोन लावला.

"मुकुल, वाट लावलीस रे. ॲलर्जीचं सगळं पुसलं गेलंय."

"काय सांगतेस! खऱ्या सर्व्हरवर?"

"वेडा आहेस का? चाचणीवर."

"मग घाबरवतेस कशाला यार? त्याचसाठी तर असते ना ती."

"माझी आई ॲडमिट आहे इथे. चौथ्या मजल्यावर. तीन वाजता ऑपरेशन."

मुकुल लगेच म्हणाला, "तासाभरात दुरुस्त करून पाठवतो."

रत्नप्रभाबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन तसं साधंच होतं. मानसीला धास्ती होती ती वेगळीच. बारा वर्षांपूर्वी वाकोल्याच्या एका दवाखान्यात आईला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं होतं, आणि मिनिटभरात तिचा गळा सुजून श्वास अडकला होता. रिक्षात मानसीच्या मांडीवर तिचे ओठ निळे पडले होते. त्या दिवशी आई वाचली, पण ते ओठ मानसीच्या डोळ्यांपुढून कधी हलले नाहीत. या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी प्रत्येकाला जे ठरलेलं इंजेक्शन द्यायचे, ते पेनिसिलीनच्याच जातीतलं. लाल पट्टी दिसली तरच ते टाळून दुसरं देत.

साहेबांनी तिला सुट्टी घ्यायला सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीची मुदत नेमकी आज संपत होती, आणि आजच्या दिवशी हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला मानसी तयार नव्हती. सकाळी वर जाऊन तिने आईलाही बजावलं होतं, कुणी विचारलं तर पेनिसिलीन चालत नाही म्हणून सांग.

"कितीदा सांगशीत?" रत्नप्रभाबाई वैतागल्या. "तूच म्हणालंस ना, सगळां कंप्युटरात आसा?"

साडेबाराला दुरुस्त केलेलं अपडेट आलं. मानसीने चाचणीच्या सर्व्हरवर पाच रुग्णांची ॲलर्जी हाताने भरली आणि ते चढवलं. पाचही पट्ट्या टिकल्या. बाकीचे रकाने कोरेच होते, पण पहाटे नवी माहिती उतरली की ते आपसूक भरणार होते. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

दीड वाजता तिने खरा सर्व्हर बंद केला. वीस मिनिटं लागतील असं सगळ्या विभागांना कालच कळवलं होतं. तरी नोंदणीच्या काउंटरवरून दोनदा फोन आला. औषधांच्या दुकानातल्या हर्षदने तर चांगलंच सुनावलं. वॉर्डांमधून मात्र एकही फोन नाही. नर्स त्यातल्या त्यात समजूतदार, मानसीला वाटलं.

एक पन्नासला सर्व्हर सुरू झाला. पहिलं पान तिने आईचं उघडलं. नाव, वय, खाटेचा नंबर आणि खाली लालभडक पट्टी, पेनिसिलीन. मानसीने ओढणी तोंडावर दाबली आणि दोन मिनिटं मनसोक्त रडून घेतलं. मग डोळे पुसून बाकीच्यांच्या पट्ट्या यादी काढून एकेक ताडून पाहिल्या. एकही कमी नव्हती. तिने मुकुलला एका शब्दाचा मेसेज टाकला, 'झकास'.

अडीचला ती चौथ्या मजल्यावर पोचली. विमला सिस्टर टेबलाशी बसून फायलीत काहीतरी लिहीत होत्या.

"आईचं इंजेक्शन झालं का हो, सिस्टर?"

"हे काय, आत्ताच दिलं. ॲलर्जी आहे का म्हणून विचारलं तर काय म्हणाल्या माहितेय? माझ्या चेडवाक विचारा, नायतर कंप्युटरात बघा! लेकीची काय ती ऐट!"

मानसीला हसू आवरेना. सकाळपासून अंगात भरलेला ताण एकदम उतरला.

"आणि सॉरी हां सिस्टर, दुपारी वीस मिनिटं तुमचं सगळं बंद ठेवावं लागलं."

"बंद?" विमला सिस्टरांनी मान वर केली. "नाही हो, आमचं कुठे बंद होतं? ते नेहमीचं फार हळू चालतं ना, म्हणून जूनमध्ये शिकवताना तुम्ही दिलेली ती लिंकच आम्ही सगळ्या वापरतो. आत्ताही आईंचं पान त्यातच बघितलं, काही ॲलर्जी नव्हती, म्हणून नेहमीचंच इंजेक्शन दिलं."