पंचवीस वाक्यं

"कूलर बंद कर आई, घरघर येते," वैभवी जर्मनीतून म्हणाली.

गीताने उठून कूलर बंद केला. कारखान्याच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये मे महिन्यातल्या दुपारचे साडेचार वाजले होते. वैभवीचे बाबा बी शिफ्टला गेले होते. वैभवीला पाहिजे होता नुसता आवाज, तरी गीता कोसाची रेशमी साडी नेसून, मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून बसली होती.

स्क्रीनवर वैभवीच्या बाजूला एक चष्मेवाला मुलगा होता.

"हा अद्वैत. पुण्याचा आहे, माझ्याच वर्गात."

भाषाशास्त्राच्या त्या वर्गात, दुसऱ्या देशातून एका सेमिस्टरसाठी आलेल्या प्रत्येकाला आपल्या घरच्या माणसाकडून पंचवीस वाक्यं म्हणवून घ्यायची होती. काम जोडीने करायचं होतं: घरचं माणूस वैभवीचं, लिहून घेणार अद्वैत.

"नमस्कार काकू. मी एकेक वाक्य सांगतो. तुम्ही घरी बोलता तसंच म्हणायचं."

"घरी तर आमी कसंई बोलतो."

"तसंच पाहिजे, आई. सरांना तेच हवंय."

"सांगतो ना," गीता म्हणाली. "पहिले तू सांग, जुलैचं तिकीट काढलं का? बाबा रोज विचारून राहिले. एअरपोर्टले यायचं तर गाडी सांगून ठेवा लागते. बाजूची सुनिता बी, भेटली का बिटिया कब आ रही, बिटिया कब आ रही."

"काढते ना. आधी हे होऊ दे. इथे एक वाजलाय, मला दोन वाजता पुन्हा क्लास आहे."

मला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हीच पोरगी फोनवर हमसून हमसून रडली होती. मले नाही जमत इथं, वर्गात माह्या बाजूला कोणी बसत नाही. तेव्हा 'मले' होतं. सहा आठवड्यांत त्याचं 'मला' झालं, आणि बाजूला बसणारंही कोणी सापडलं. गीताला बरं वाटायला पाहिजे होतं.

"तो का रडत आहे?" अद्वैतने पहिलं वाक्य वाचलं.

"कोण?"

"कोणी नाही काकू. नुसतं वाक्य आहे."

"हां हां. तो कावून रडून राहिला?"

अद्वैत खूश झाला. भराभर लिहायला लागला. 'मला पाणी दे'चं 'मले पाणी दे' झालं. 'तुझा भाऊ कुठे आहे?' या वाक्याला गीता म्हणाली, "हिले भाऊच नाही ना," आणि तिघंही हसले. वैभवी जरा जास्तच हसली. तिला हसताना पाहून गीताही सैलावली. परीक्षा म्हणून बसली होती, आता मजा यायला लागली.

"मुलगी घरी येत आहे."

"पोरगी घरी येऊन राहिली."

अद्वैतचं पेन थांबलं. "येऊन राहिली म्हणजे... आली, आणि मग राहिली?"

"नाही रे बाबा!" गीताला हसू आवरेना. "आली असती तर आली म्हणलं असतं. येऊन राहिली म्हणजे अजून पोचली नाही. रस्त्यात आहे."

"अच्छा! आमच्याकडे कोणी ऐकलं तर वाटेल, ती घरीच आहे आता." त्याने कागदाच्या कडेला काहीतरी टिपलं. "मग पोचते कधी?"

"ते हिले विचार."

अद्वैतने हसत वैभवीकडे पाहिलं. वैभवी हसत नव्हती.

"पुढचं मी सांगते," ती म्हणाली. तिने त्याच्यासमोरचा यादीचा कागद उचलला आणि चेहऱ्यासमोर धरला.

"मी अजून एक वर्ष इथेच राहणार आहे."

गीता सरसावून बसली. आता तिला सवय झाली होती.

"मी आनखी एक साल इथंच राहीन," तिने ठणठणीत आवाजात म्हटलं.

अद्वैतने वाकून वैभवीच्या हातातला कागद पाहिला. यादीवरून बोट खालपर्यंत नेलं, मग पुन्हा वर आणलं.

"हे यादीत नाहीये," तो हळूच म्हणाला.

वैभवीने कागद खाली घेतला नाही. कागदाच्या वर तिचे नुसते केस दिसत होते.

"शुक्रवारी फॉर्म भरला, आई. सरांनी विचारलं, मी हो म्हणलं." कागदाआडून आवाज आला. "मले समजून नव्हतं राहिलं, तुले कसं सांगू."

कूलर बंदच होता. मानेवरचा घाम पाठीवरून खाली उतरत होता. गीता उठली नाही. आत्ता उठली तर तिकडे लेकीला काय दिसेल, हे तिला माहीत होतं: रिकामी खुर्ची.

"काकू, मी हे खोडून टाकतो," अद्वैत म्हणाला. त्याला कुठे पाहावं कळत नव्हतं.

"कावून?" गीता म्हणाली. "चुकीचं म्हणलं का मी?"

"नाही, बरोबरच आहे. पण ते..."

"मंग लिही ना, बाबा. मी काई कुठं जाऊन नाही राहिली."