बाटलीतली फुलं

नवनव्या दारूची चव घेऊन तिच्याबद्दल लिहिणं, हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा. रानफुलं घालून काढलेल्या, मोजक्याच बाटल्यांच्या त्या खास जिनचा पहिला घोट काल त्याला इतका आवडला, की बाकीचं आज निवांत लिहू म्हणून त्याने बाटली कपाटात ठेवून दिली.

आज घोट घेतला तर जीभ नुसती चुरचुरली.

"कुणीतरी जिन लंपास करून आत साधी दारू भरलीय. हुंगून हुंगून थकलो, एका फुलाचा वास येईल तर शपथ!" तो बायकोवर खेकसला. "हे तुझ्या भावाचेच उद्योग. दारू सोडली म्हणे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"अहो, हळू बोला. वर्षभर थेंबालाही शिवलेला नाही तो."

"मग बोलाव त्याला. माझ्या डोळ्यांत बघून सांगू दे."

मेहुणा आला, पण दारातच थबकला. त्याने बाहीने नाक दाबून धरलं.


"भाऊजी, आधी त्या बाटलीला बूच लावा हो. फुलांचा घमघमाट इथवर येतोय, माझा निश्चय मोडेल."