मागे बसणाऱ्याचं जॅकेट

"हेही नको," म्हणत नवऱ्याने आणखी एक जॅकेट काउंटरवर टाकलं. "पाठीत नुसता स्पंज भरलाय. पडलो तर मणक्याला काय स्पंजने शेक देऊ?"

दुकानदाराने ते निमूटपणे हँगरला लावलं. जॅकेटच्या कॉलरला अडतात का ते बघायला आणलेली दोघांची हेल्मेटं मांडीवर घेऊन बायको स्टुलावर बसली होती. जाळीचं दाखवलं, तर पावसात चिंब करेल. पाणी न शिरणारं दाखवलं, तर उन्हात उकडून काढेल. आत वेगळं अस्तर असलेलं दाखवलं, तर म्हणे, "ऐन पावसात रस्त्याच्या कडेला उभा राहून अस्तर लावत बसू?" काळं अंधारात दिसत नाही, राखाडी लगेच मळतं. चामड्याचं तर त्याने नावही काढू दिलं नाही. लांबच्या प्रवासाला चामडं घालणारा माणूस त्याच्या मते अडाणी होता.

मोबाइलवरच्या रायडर मंडळींत त्याला सगळे कॅप्टन म्हणत. कोणी कुठलं जॅकेट घ्यावं, कोपराला पॅड कसले असावेत, सगळं हाच सांगायचा. लोक ती जॅकेटं घालून डोंगर ओलांडून यायचे आणि फोटो टाकायचे. कॅप्टन फोटोखाली चुका लिहायचा. उंटावरून शेळ्या हाकायला हरकत नाही, पण माणसाने निदान उंट तरी दारातून बाहेर काढावा.

गाडीवरून समुद्रकाठच्या टोकापर्यंत, तिथल्या दीपगृहापर्यंत जायचं, हे दोघांनी लग्न ठरलं तेव्हाच ठरवलं होतं. मुलगी शिकून मार्गी लागली, गाडी आली. मग एका वर्षी मनासारखे बूट मिळेनात, पुढच्या वर्षी हेल्मेट. दोन्ही वेळा बायकोने मंजूर झालेली रजा परत केली. यंदा घोडं अडलं होतं जॅकेटवर. रजा सोमवारपासून होती. आज जॅकेट घेतलं नाही, तर पुन्हा हा विषय तोंडातून काढायचा नाही, असं तिने रिक्षातून येतानाच ठरवलं होतं.

"आणि माझ्या जॅकेटचं काय?" तिने विचारलं.

"तुझं काय त्यात. मागे बसणाऱ्याला कुठलंही चालतं."

ती पाणीपुरवठा खात्यात होती. गावोगावच्या टाक्यांतल्या पाण्याचे नमुने आणायला खात्याची खडखडती मोटारसायकल घेऊन ऊनपाऊस न बघता हिंडायची, बटण तुटलेल्या रेनकोटात. नवरा त्याला रायडिंग म्हणत नसे. ते काम झालं, म्हणायचा.

दुकानदाराचा धीर आता सुटत चालला होता. "साहेब, आरशात काय कळणार? त्या गाडीवर बसून बघा. हात हँडलवर गेले की बाही वर चढते, पाठ उघडी पडते. म्हणून तर ठेवलीय ती."

दुकानाच्या मधोमध स्टँडवर घट्ट बसवलेली एक मोटारसायकल होती.

"मला उभ्याने कळतं," नवरा म्हणाला आणि चेन वरखाली करू लागला.

बायकोने मान वर केली. आल्यापासून प्रत्येक जॅकेट याने आरशासमोर घातलं होतं. आणि प्रत्येक वेळी आरशाकडे जाताना हा त्या गाडीला वळसा घालून गेला होता.

"बसा की हो," ती म्हणाली. "पळून नाही जायची ती."

मग त्याला बसावंच लागलं. हँडल धरलं तसे त्याचे खांदे कानाला टेकले. तेवढ्यात बाहेरून एक ट्रक गेला, दुकानाची काच थरथरली, आणि जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीवर कॅप्टनने दोन्ही ब्रेक आवळले.

दर रविवारी तो सरावाला म्हणून गाडी काढायचा. तरी टायरवरचे नवेपणाचे रबरी केस अजून झडले नव्हते. गाडी पुसताना तिने ते कितीदा पाहिले होते. कोपऱ्यावरच्या झाडाखाली गाडी लावून होणारा सराव असणार तो.

ती त्याच्याजवळ गेली. "खरं सांगा. जॅकेट मिळत नाहीये, की मिळायला नकोय?"

त्याने आरशाकडे पाहिलं नाही. "शेजारून मोठी गाडी गेली की हातपाय गळतात माझे," तो हळूच म्हणाला. "भीती वाटते."

तिला हसू आलं नाही, दयाही आली नाही. तिला राग आला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, याला आपल्याबरोबर जायचंच नाहीये. रात्र रात्र तिने ते मनाला लावून घेतलं होतं. नाचता येत नसेल तर तसं सांगावं सरळ. त्यासाठी जगातली झाडून सगळी अंगणं वाकडी ठरवत हिंडायचं? पण रागासकट तिला हलकं वाटलं, हेही खरं.

"उतरा," ती म्हणाली.

तो उतरला. तिने हेल्मेटं त्याच्या हातात दिली, गाडीवर टांग टाकली आणि हँडल धरलं. "आता बसा मागे."

"मोठी गाडी आहे आपली. झेपेल तुला?"

"तुमच्या कॅप्टनकीपेक्षा हलकीच असेल."

तो हेल्मेटं सांभाळत मागे बसला. दुकानदार पुढचं जॅकेट हातात धरून तसाच उभा होता. ते नवऱ्याच्या मापाचं होतं. ते कोणापुढे धरावं, हे त्याला कळेना.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "आधी माझ्या मापाची दाखवा, असतील तेवढी सगळी. ह्यांना कुठलंही चालेल. हे मागे बसणार आहेत."