बदललेली नळी

रायफलच्या नळीत गंधक ओतून काढलेला, आतलं माप दाखवणारा साचा मी आमच्या बंदूकदुरुस्तीच्या काउंटरवर ठेवला आणि त्याशेजारी इनामदारांनी आणलेलं काडतूस. दसऱ्याच्या पूजेनंतर त्यांना पणजोबांच्या रायफलमधून बार काढायचा होता.

“काका, काडतूस साच्याशी जुळत नाही. उडवलंत तर नळी तोंडावर फुटेल.”

“पोरी, दस्त्यावरचा काडतुसाच्या मापाचा आकडा वाच. चार बुकं शिकून मला बंदूक शिकवतेस?”

“आकडा जुन्या नळीचा आहे. ही नंतर बसवलीय.”

“आमच्या घराण्यात काडतूस कुणी मोजत नाही. हाताला येईल ते भरायचं नि उडवायचं!”

“मग नळी का बदलावी लागली?”

“पणजोबांच्या हातात पहिली फुटली म्हणून,” ते ऐटीत म्हणाले.

बाकावर बसलेलं दुसरं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. “ठेव हे तुझ्याकडेच,” म्हणत इनामदारांनी काडतूस माझ्यापुढे सरकवलं.