वस्तऱ्याखाली

आज चौथा सामना जिंकला, की एकोणीस वर्षांच्या वेस्लीची अमेरिकन फुटबॉल संघातली क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, जागा पक्की आणि कॉलेजच्या गावाची दहा वर्षांची भूक भागणार, असा न्हाव्याच्या दुकानात सकाळपासून हिशेब चालला होता.

"काय हात आहे पोराचा!"

"बसवा त्याला बाहेर. कच्चा आहे अजून," खुर्चीतलं परगावचं गिऱ्हाईक साबणातून बोललं.

"काका, वस्तरा माझ्या हातात आहे. जरा जपून!" न्हावी म्हणाला.

दुकान हसलं. गिऱ्हाइकाने डोळे मिटून मान मागे टेकवली. गेल्या सामन्यात डोक्याला लागलेलं कुणालाही सांगायचं नाही, अशी वेस्लीने खुर्चीतल्या या गिऱ्हाइकाला, म्हणजे आपल्या बापाला, शपथ घातली होती.

संध्याकाळी वेस्लीच्या फेकीवर गाव चौथ्यांदा जिंकलं. जल्लोषातच प्रेक्षकांत बसलेल्या बापाचा फोन वाजला. वेस्ली होता.

"बाबा, पोचलास का? सामना सुरू होईल आता."